कोनाड्यातली किल्ली

यंदा चैत्र शुद्ध पंचमीला सकाळी साडेआठ वाजता शीतघराच्या ओट्यावर आमच्या खवा काढणाऱ्या गटाची बैठक झाली. वर्गणी जमा झाली अकरा हजार पाचशे रुपये. तेवीस घरं, प्रत्येकी पाचशे. हजर एकोणीस जण. गटाचे अध्यक्ष बापूराव, मी, कौसाबाई, आणखी अकरा बाया आणि पाच बाप्ये. चार घरची माणसं लग्नाला गेली होती, त्यांनी पैसे शेजाऱ्यांकडं ठेवले होते. दाराचं रबर बदलायचं आणि छपरावरच्या सौर पाट्या धुवायला लांब नळी आणायची, एवढे दोनच विषय. वीस मिनिटांत संपले.

लोक उठून गेले, मी बसून राहिलो. ओट्याशेजारच्या कडुलिंबाला मोहर आला आहे. बारीक पांढरी फुलं वहीवर पडत होती. त्यांना एक कडसर गोड वास असतो, उन्हं चढली की तो दाट होतो. हा वास आला की मला चार वर्षांपूर्वीचा चैत्र आठवतो. वाईट वाटतं असं म्हणता येणार नाही. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, तेव्हा आपण तो हातानं दाबून बघतो, जागेवर आहे का नाही ते. तसे मी ते दिवस दाबून बघतो.

आमच्या भूम तालुक्याच्या या भागात घर शेतापेक्षा दावणीवर जास्त चालतं. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, पण म्हैस दोन्ही वेळेला दूध देते. पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा होतो. पहाटे चारपासून गावातल्या भट्ट्या पेटतात. तुराट्यांचा धूर, कढईवर उलथण्याचा खरखर आवाज, आणि दूध घट्ट होत आलं की येणारा तो भाजका वास. गावात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला तो वास येत नाही. बाहेरगावाहून आल्यावर पहिला अर्धा तास येतो, मग जातो.

शीतघर यायच्या आधी हा सगळा खवा ओल्या फडक्यात बांधून सातच्या एसटीनं व्यापाऱ्याकडं जायचा. उन्हाळ्यात अकराच्या आत विकला पाहिजे, नाहीतर त्याला तेल सुटतं आणि आंबूस वास मारतो. ही गोष्ट आम्हाला माहीत होती तशी व्यापाऱ्यालाही माहीत होती. तो नऊला भाव सांगायचा नाही. चहा मागवायचा, मुलाबाळांची चौकशी करायचा. साडेदहाला म्हणायचा, एवढ्याला देत असाल तर ठेवा, नाहीतर घेऊन जा. घेऊन कुठं जाणार. मी एकोणीस वर्षं गावच्या दूध संस्थेत फॅट काढायच्या कामाला होतो. आकडे मला सवयीचे. साडेदहाच्या त्या वाक्यानं किलोमागं किती रुपये जातात ते मी एका उन्हाळ्यात रोज लिहून काढलं होतं. ते गटात वाचून दाखवलं, त्यानंतर शीतघराला वर्गणी द्यायला कुणी नाही म्हटलं नाही. काही भाग एका संस्थेनं दिला, बाकीचा आम्ही.

यंत्र साधं आहे. छपरावर पाट्या आहेत, त्या दिवसभर ऊन घेतात. त्यावर आतलं यंत्र चालतं आणि भिंतींना लावलेल्या पेट्यांमधलं खारं पाणी गोठतं. सूर्य मावळला की यंत्र थांबतं, पण पेट्यांतला बर्फ खोली सकाळपर्यंत गार ठेवतो. डिझेल नाही, धूर नाही, विजेचं बिल नाही. ढगाळ दिवस आला तरी दार उघडलं नाही तर खोली दीड दिवस तग धरते. दारावर काचेत एक लाल आकडा दिसतो, आत किती गार आहे त्याचा; चार असला की माल टिकतो. तो रस्त्यावरूनही वाचता येतो. पाण्याला जाणाऱ्या बाया येताजाता वाचायच्या. आमच्या गावात चार हा आकडा कुणी शुभ मानत नव्हतं, शीतघर आल्यापासून मानायला लागले.

पहिल्या उन्हाळ्यात व्यापारी साडेदहाला भाव बोलला, तेव्हा बापूराव म्हणाले, "राहू द्या, उद्या बघू." एवढंच. व्यापाऱ्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं काही ते दुसऱ्या भाषेत बोलले. शीतघरानं आम्हाला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी सांगतो, 'उद्या' म्हणायची सोय दिली.

प्रशिक्षणाला त्या संस्थेच्या एक बाई आल्या होत्या. दोन दिवस राहिल्या. गोठ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत माल कुठंही तापता कामा नये, हे त्यांनी नीट समजावलं. दूध काढल्यावर किती वेळात, खवा निवल्यावर किती वेळात, इथून येरमाळ्याच्या बाजाराला नेताना जाड झाकणाच्या पेट्या कशा भरायच्या, सगळं. जाताना त्यांनी विचारलं, "किल्ल्या किती आहेत?"

मी म्हणालो, "एक. माझ्याकडं."

"दोन ठेवा. तुम्ही आजारी पडलात तर?"

मी त्यांना कारण सांगितलं. पहिल्या महिन्यात दोन किल्ल्या होत्या. कुणी कधी दार उघडलं, खव्याचे किती गोळे ठेवले, किती काढले, याचा मेळ बसेना. दोन घरांत भांडण झालं. मग मी दुसरी किल्ली मागून घेतली आणि सगळ्यांच्या देखत मोडून टाकली. बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तरीपण." मी त्या 'तरीपण'कडं लक्ष दिलं नाही. वही चोख होती. प्रत्येक घराच्या फडक्याला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची शिवण, म्हणजे गोळे अदलाबदल व्हायला नकोत. दार किती वेळा उघडलं, कुणी, किती मिनिटं, कशासाठी, असे रकाने मी आखले होते. दार उघडलं की आकडा वाढतो, म्हणून.

दुपारी बाया काही ना काही निमित्त काढून यायच्या. गोळा बघायचाय, फडकं बदलायचंय. खरं म्हणजे त्यांना दोन मिनिटं गारव्यात उभं राहायचं असायचं. चैत्रातल्या दुपारी भट्टीसमोरून उठून आलेली बाई आत शिरली की आधी डोळे मिटायची. माझी बायको सुमन मात्र निमित्त काढायची नाही. ती सरळ यायची, भिंतीच्या पेटीला पाठ लावून उभी राहायची.

"काय पाहिजे?" मी विचारायचो.

"काय न्हाय. गार व्हाया आले."

मी लिहायचो. दुपारी एक चाळीस, सुमन, दोन मिनिटं, कारण नाही.

एकदा तिनं वही हातात घेऊन वाचली. "आवं, हे काय? 'कारण नाही', 'कारण नाही'. पानभर माझंच नाव. लोक म्हणतील, नानाच्या बायकूला काय कामधंदा न्हाय."

"खरं ते लिहिलं."

"मी दोन मिनिटं उभी राहिले तर तुमचा आकडा कितीनं वर गेला?"

"अर्ध्यानं."

"मग लिवा, बायकूपायी अर्धा गेला." आणि ती हसत बाहेर गेली. दार तिनं नीट लावलं. रबर दाबून लावायला लागतं, ते तिला माहीत होतं.

ती वही माझ्याकडं आहे. कधीतरी मी ते रकाने बघतो. त्या चैत्रात पहिल्या नऊ दिवसांत तिच्या नावापुढं 'कारण नाही' सात वेळा आहे.

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची मोठी जत्रा असते. पेढ्याला खप असतो, म्हणजे खव्याला असतो. त्या वर्षी कौसाबाईंनी एक गोष्ट केली, जी आमच्या गावात कुणी केली नव्हती. त्या साठीच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, पोरी नांदायला गेल्या, घरात त्या आणि दोन म्हशी. त्या स्वतः एसटीनं येरमाळ्याला गेल्या, एका पेढेवाल्याच्या दुकानात बसल्या आणि अठ्ठेचाळीस किलोचा शब्द देऊन आल्या. मधे व्यापारी नाही. भाव दोनशे चाळीस. चतुर्दशीला सकाळी माल पोचवायचा. चांगला निघाला तर दिवाळीपर्यंत दर आठवड्याला तेवढाच घेतो, असं पेढेवाल्यानं सांगितलं होतं.

दोन म्हशींच्या दुधात एवढा खवा होत नाही. त्यांनी तीन घरांचं दूध विकत घेतलं. आठ दिवस रोज सहा किलो काढला आणि शीतघरात ठेवला. रोज येऊन विचारायच्या, "नाना, किती झाला?" त्यांना पाठ असायचा, तरी विचारायच्या. नवमीला मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस. पुरा." त्या म्हणाल्या, "आता निसता ऱ्हायला पायजे."

दशमीला सुमननं पहाटे भट्टी लावली. पंचावन्न लिटर दूध, अकरा किलो खवा. बारा वाजून दहा मिनिटांनी मी तो आत ठेवला. आकडा चार. दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. तीनच्या सुमाराला ती उंबऱ्यात बसून तूर निवडत होती. म्हणाली, छातीत दाटल्यावाणी होतंय, पाणी द्या. मी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. बापूरावांच्या गाडीतून भूमला निघालो. वाटेतच गेली. वेळ तीन पन्नास. मी घड्याळ बघितलं होतं. का बघितलं, सांगता येत नाही.

त्या दिवसांचं मला बाकीचं नीट आठवत नाही, आकडे आठवतात. सरण किती मणांचं होतं ते आठवतं. पाच दिवसांत एकशे बेचाळीस माणसं बसायला आली. बार्शीहून लेक मनीषा आली तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. तिच्या ओढणीला एसटीचा वास होता. मी तिला म्हणालो, जेवून आलीस का.

स्मशानातून आल्यावर अंघोळ झाली. मनीषानं माझे कपडे भिजवायच्या आधी खिसे रिकामे केले. एक पेन्सिल, अकरा रुपये सुटे, आणि किल्ली. आमच्यात माणूस जिथं जातं तिथं, नाहीतर त्याची बसायची जागा असते तिथं, दहा दिवस दिवा ठेवतात. सुमनचा दिवा मधल्या खोलीत ठेवला होता. त्याच्या वर भिंतीत कोनाडा आहे. मनीषानं ते सगळं त्या कोनाड्यात ठेवलं. किल्लीला लाल सुतळी होती आणि ती कोनाड्याबाहेर लोंबत होती. बसायला आलेलं प्रत्येक माणूस दिव्याला हात जोडायचं. मान वर केली की समोर किल्ली.

एकादशीला संध्याकाळी पाचच्या सुमारास वावटळ सुटली. धूळ, वीज, दहा-बारा थेंब, आणि संपलं. त्या विजेत शीतघराचा खटका पडला, यंत्र बंद झालं. खटका दारातल्या पहिल्या खोलीत, म्हणजे कुलपाच्या आत. वर करायला दोन सेकंद लागतात. असा तो महिन्यातून एकदा तरी पडायचाच. संध्याकाळच्या फेरीला मी तो वर करायचो. आकडा दाखवणाऱ्या काचेला वेगळी छोटी बॅटरी आहे, ती चालू राहिली.

पुढचं मला नंतर कळलं. द्वादशीला सकाळी आकडा सहा होता. पाण्याला जाणाऱ्या बायांनी बघितला. त्याच सकाळी सावडायला सगळा गाव माझ्याबरोबर होता. बापूराव माझ्या शेजारी चालत होते, हातात दुधाचा तांब्या. शीतघराचा विषय त्यांनी काढला नाही. संध्याकाळी आकडा नऊ झाला. देवळापुढं आठ-दहा जण जमले. कुणी म्हणालं, किल्ली नानाच्या घरी दिव्यावरच हाय, म्या बगितली. दुसरा म्हणाला, मग जा की मागाय. तो म्हणाला, तू जा. कुलूप तोडायचंही निघालं. बापूराव म्हणाले, "आरं, त्या माणसाच्या घरात दिवा हाय आन आपण त्येचं कुलूप तोडायचं व्हय?" ते तिथंच राहिलं.

बापूरावांनी त्या रात्री फोन मात्र केला. माझा फोन मनीषाकडं होता. तिनं उचलला. बापूराव म्हणाले, "नाना जेवले का?" ती म्हणाली, "थोडंसं." ते म्हणाले, "बरं." आणि ठेवला.

त्रयोदशीला सकाळी पंधरा, दुपारी एकोणीस. त्या दुपारी कौसाबाई आल्या. दिव्याला हात जोडून खांबाला टेकून बसल्या. मी समोर घोंगडीवर. त्या बराच वेळ दिव्याकडं बघत होत्या. मनीषाला म्हणाल्या, "तेल घाल गं बाई, वात कोरडी पडली." मनीषा तेल आणायला गेली. तेव्हा त्यांची नजर वर गेली. सुतळीवर थांबली. मग माझ्याकडं आली. मी ती नजर बघितली. त्या बघत होत्या ती वस्तू काय आहे, हेही मला दिसत होतं. तरी त्याचा काही अर्थ लागत नव्हता. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं दिसावीत आणि वाचता येऊ नयेत, तसं.

"सुमनचा खवा लई पांढरा असायचा," त्या म्हणाल्या. "जळू द्यायची न्हाय कधी."

मी म्हणालो, "हो."

आणखी पाच मिनिटं बसून त्या गेल्या.

चतुर्दशीला पहाटे मी उठून बाहेर पडलो. कुठं जायचं असं नव्हतं. पाय रोजच्या वाटेनं गेले. अंधूक उजेड होता. शीतघरासमोर आलो तर काचेत सत्तावीस. मी उभा राहून वाचला. मग घरी परत आलो, कोनाड्यातून किल्ली आणि पेन्सिल घेतली, पुन्हा गेलो. कुलूप काढलं. पहिल्या खोलीत वही असते. तीत आधी लिहिलं: पहाटे पाच पस्तीस, सत्तावीस. मग खटका वर केला. लिहायच्या आधी खटका वर करायला हवा होता. आता सांगतो, तेव्हा सुचलं नाही.

आतलं दार उघडल्यावर जो वास आला तो मी लिहीत नाही. ज्यांच्या घरी दूध आहे त्यांना माहीत आहे. फडकी ओली झाली होती, खालच्या मांडणीवर तेलाचे ओघळ. नऊ घरांचा माल, एकशे शहाण्णव किलो. शिवाय आमच्या घरचा अकरा, निळ्या दोऱ्याच्या शिवणीचा, तो सुमननं काढलेला शेवटचा. मी गोळे मोजले. दोनदा मोजले. तोवर लोक जमले होते. मला सुतक होतं, माझ्या हातचं दूधदुभतं कुणी घेणार नव्हतं, पण तो माल आता कुणी घ्यावा असा राहिलाच नव्हता. बापूराव म्हणाले, "नाना, तुमी घरी जा. आमी बगतो." त्यांनी शेताच्या कडेला खड्डा घेतला, वर चुना टाकला. मी घरी गेलो नाही. बांधावर बसून होतो. निळ्या शिवणीचं फडकं रिकामं करून कुणीतरी माझ्या शेजारी ठेवलं.

कौसाबाई सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या. साडेसातला त्या एसटीच्या थांब्याकडं जाताना दिसल्या. हात रिकामे. येरमाळ्याला जाऊन पेढेवाल्याला तोंडानं सांगून आल्या की माल येणार नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी. तो काय बोलला ते तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी बैठक बोलावली. सगळ्यांपुढं वाचलं. चूक माझी, किल्ली एक ठेवली ती मी, फेरी चुकली ती माझी. दहा घरांपैकी माझं सोडून नऊ घरांचं नुकसान मी भरून देतो. एकशे शहाण्णव किलो, दोनशे चाळीस भावानं सत्तेचाळीस हजार चाळीस. माझ्याकडं सोयाबीनचे पैसे होते.

मग बापूराव म्हणाले, "नाना, असलं बोलू नका. तुमच्या घरात दिवा हुता. आमी किल्ली मागाय यायची का तवा?"

"यायला पाहिजे होतं."

"आन तुमी काय म्हणला असता?"

"काही नाही. दिली असती."

"ते तुमी आता म्हणता. आमाला तवा तसं वाटलं न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "सुमनवैनीच्या दिव्यावरची किल्ली काढून आमी खवा इकायचा? जाऊ द्या तो खवा." बाकीच्यांनी माना हलवल्या. ठराव लिहायचा का, मी विचारलं. बापूराव म्हणाले, "ह्याचा ठराव न्हाय करत, नाना." आणि उठले. एकेक जण जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मी मोजलं नाही, पण बरेच हात होते. चांगली माणसं आहेत. त्या हातांखाली मला काहीच कळत नव्हतं. भिंतीवर कुणी हात ठेवावा, तसं.

कौसाबाई त्या बैठकीला नव्हत्या.

त्या वैशाखात मी रोज शीतघर उघडलं. नवीन किल्ल्या करून घेतल्या, तीन. एक माझ्याकडं, एक बापूरावांकडं, एक गावच्या दुकानात खिळ्यावर. आकडा चार. खवा येत होता, जात होता. दुपारी बाया यायच्या, डोळे मिटून उभ्या राहायच्या. मी रकाने भरायचो. जेवायचो. झोपही यायची. लोक मनीषाला म्हणायचे, नाना सावरले. सावरायला आधी काही तरी पडावं लागतं. माझं काही पडलंच नव्हतं. सगळं होतं तिथंच होतं आणि थंड होतं.

बैठकीनंतर बारा दिवसांनी, एका सोमवारी सकाळी, कौसाबाई दारात आल्या. आत न येता उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"नाना, माझं काय ठरलं?"

"कशाचं?"

"खव्याचं. अट्टेचाळीस किलो. बाकीच्यांनी सोडलं म्हणत्यात. म्या सोडलं न्हाय."

मी म्हणालो, "आत या."

"गावातल्या बाया म्हणत्यात, कौसीला लाज न्हाय, दुखात हाय त्या माणसाकडं पैसं मागती. म्हणू द्या. तीन घरचं दूध म्या इकत घेतलंया. पेढेवाला म्हणाला, म्हातारे, पुढच्या जत्रेला बगू. म्हंजी दिवाळीपातुरचं गेलं." त्या घोंगडीवर बसल्या. दिवा केव्हाच उचलला होता, त्या जागेकडं त्यांनी बघितलं. "सुमन असती तर तिनं हिशोब केला असता का नसता?"

"केला असता."

"मग तुमी करा."

मी वही घेतली. अठ्ठेचाळीस गुणिले दोनशे चाळीस, अकरा हजार पाचशे वीस. त्यांना दाखवलं. त्यांना वाचता येतं, आकडे तर पक्के येतात. त्यांनी बोट ठेवून बघितलं.

"ह्यातली चौथाई काढा."

"का?"

"म्या बगितली हुती किल्ली. तेरशीला. हितंच बसले हुते. तवा एकोणीस हुता आकडा, म्या रस्त्यानं वाचून आले हुते. मागितली असती तर निम्मा तरी माल वाचला असता का न्हाय?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही. थोडा वाचला असता."

"मग ती माझी चूक. चौथाई धरा."

"मावशी, तुमची कशी? मी तुम्हाला बघताना बघितलं. मी उठून द्यायला पाहिजे होती."

"तुमची तीन हिस्से धरलीच की. सगळी तुमचीच कशी आसंल? आमी काय हितं नव्हतो?"

आम्ही त्यावर वाद घातला. खराखुरा वाद, आवाज चढेपर्यंत. मी म्हणालो दहावा हिस्सा, त्या म्हणाल्या चौथाई. मनीषा आतून येऊन दारात उभी राहिली. महिनाभरात माझा आवाज चढलेला तिनं पहिल्यांदाच ऐकला, असं ती नंतर म्हणाली. मी अडून बसलो, तेव्हा कौसाबाई म्हणाल्या, "नाना, तुमी वहीत सगळं खरं लिवता. मग हे बी खरं लिवा."

मी लिहिलं. एकूण अकरा हजार पाचशे वीस, वजा दोन हजार आठशे ऐंशी.

पेटी उघडून नोटा आणल्या. त्यांनी थुंकी लावून दोनदा मोजल्या. एक शंभराची नोट कोपऱ्यात फाटलेली होती, ती बाजूला काढून माझ्यापुढं ठेवली. "ही न्हाय चालत, बदलून द्या." मी आत जाऊन दुसरी आणली. ती आणताना माझे हात थरथरत होते. नोट त्यांच्या हातात देईपर्यंत थरथर दंडापर्यंत आली होती. त्यांना ती दिसली. त्यांनी नोट घेतली, गड्डीत सारली, गड्डी कमरेला खोचली, आणि मगच माझा हात धरला.

तर दिले ते एवढे. आठ हजार सहाशे चाळीस रुपये, रोख, कौसाबाईंना, वैशाखातल्या त्या सोमवारी सकाळी. पोचल्याची सही त्यांनी स्वतः केली. बाकीच्या आठ घरांनी मला माफ केलं, त्यामुळं त्यांना काही देता आलं नाही.